मेंढरांच्या वाटेवर निळा डबा

या वर्षी मेंढरं उशिरा आली. ऊसतोड लांबली, खोडवा तुटून रानं मोकळी व्हायला माघ उजाडला, आणि मग एका सकाळी आमच्या घरामागच्या मळ्यात तीनेकशे मेंढरं बसलेली दिसली. दिसण्याआधी वास आला होता. दवाने भिजलेल्या लोकरीचा, लेंड्यांचा, आणि वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा. रात्री कुणीतरी उसाचं पाचट जाळलं होतं, त्याची काळी चुरी दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर येऊन बसली होती. ती झटकायची नसते, फुंकायची असते, नाहीतर डाग पसरतो. हे सुमनने शिकवलेलं. मी फुंकर घातली, तरी एक डाग राहिलाच.

इस्लामपूरच्या आसपास राहणाऱ्याला मेंढरं बसवणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी एवढंच, की आटपाडीकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरतात. शेतकरी त्यांना मोकळ्या रानात दोन-तीन मुक्काम ठेवून घेतो, बदल्यात धान्य देतो, आणि लेंड्या-मुताने ते रान पुढच्या पिकाला तयार होतं. या फिरत्या बिऱ्हाडाला ते वाडा म्हणतात. त्यात घोडी असतात, कुत्री असतात, जाळीच्या कुंपणात कोकरं असतात आणि तीन दगडांच्या चुलीशी बायका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाडा उठतो. मागे राहतं ते खत आणि चुलीचे काळे दगड.

सुमन, माझी बायको, गावच्या उपकेंद्रात नर्स होती. गेल्या श्रावणात ती गेली. स्वादुपिंडाचा कॅन्सर, कळल्यापासून तीन महिने. मी हायस्कुलात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त आहे. पुस्तकांत आयुष्य गेलेल्या माणसाला वाटतं, दु:खाविषयी आपण पुरेसं वाचलेलं आहे. वाचलेलं उपयोगी पडत नाही असं नाही, पण ते वेळेवर सापडत नाही.

मेंढरं दिसली त्याच सकाळी मी शेडमधून आमची जुनी स्कूटर बाहेर काढली. कशासाठी ते सांगता येणार नाही. ओढताना खालच्या गंजलेल्या पत्र्याने तळहात कापला. हळद दाबली आणि वर रुमाल बांधला. सुमन असती तर हात नळाखाली धरून आधी साबणाने खसाखसा धुतला असता आणि लगेच उपकेंद्रात पिटाळलं असतं. मी हळदीवर थांबलो. कापलेल्या हाताची काळजी करण्याइतकं काही महत्त्वाचं पुढे आहे, असं त्या सकाळी वाटलं नाही.

स्कूटरच्या पुढच्या पायठेवणीवर अजून एक चौकोनी फिकट खूण आहे. तिथे लसीचा निळा डबा असायचा.

सतरा वर्षांपूर्वीचा तो हंगाम असाच होता, थंडी थोडी जास्त. उपकेंद्रात बुधवारी लसीकरण, आणि इतर दिवशी सुमन वाड्या-वस्त्या, ऊसतोडीच्या खोपी, वीटभट्ट्या फिरायची. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून दुपारी मी तिचा ड्रायव्हर. शिवाय कारकून. तिचं अक्षर तिलाच लागायचं नाही. ती टोचणार आणि मी कार्ड लिहिणार, अशी आमची वाटणी होती. मुलाचं नाव, आईचं नाव, कुठली लस, आजची तारीख, पुढची तारीख. लायब्ररीत मी पुस्तकांची कार्डं लिहायचो, शनिवारी दुपारी माणसांची.

एकदा मी तिला म्हणालो होतो की तुझी लस म्हणजे शरीरातलं कार्ड कॅटलॉग आहे. रोग येण्याआधीच त्याची नोंद करून ठेवायची, म्हणजे तो आला की सगळी कपाटं शोधत बसावं लागत नाही. दुसरा डोस म्हणजे तेच कार्ड पुन्हा एकदा हातात घेणं, म्हणजे ते विसरलं जात नाही. मला ही उपमा आवडली होती. ती म्हणाली, उपमा ठीक आहे, पण तुमच्या कार्डांवर धूळ बसली तर कुणी मरत नाही.

त्या शनिवारी आम्ही ज्या वाड्यावर गेलो तो सिदू आबांचा. आबा तेव्हा साठीच्या आसपास, अंगाने काटक, बोलायला मोजके. गोवराच्या लसीसाठी तीन लेकरं होती, ती त्यांनी स्वतः धरून टोचून घेतली. एक रडलं तर त्याला म्हणाले, कोकरू बी एवढं वरडत न्हाई रं. लसीविषयी त्यांना काही समजावायची गरज नव्हती. आपल्या कळपाला कुठली लस पावसाआधी, कुठली कधी, हे त्यांना तोंडपाठ होतं. टोचलेल्या मेंढराच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचा, म्हणजे कोणतं राहिलं ते लांबून दिसतं. एकही सोडायचं नाही, असं ते म्हणाले, आणि सुमनने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की असे दहा आबा मिळाले तर काम किती सोपं होईल.

मग तिचं लक्ष चुलीपाशी बसलेल्या मंगलकडे गेलं. मंगल आबांची सून, विशीची, सहा महिन्यांची गरोदर. सुमनने धनुर्वाताचं इंजेक्शन काढायला घेतलं. आईला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस दिले की आई आणि होणारं बाळ, दोघांनाही धनुर्वातापासून संरक्षण मिळतं. तेव्हा त्याला टीटी म्हणत, आता टीडी म्हणतात. आबा मध्ये आले. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, गाभण मेंढीला आमी लस टोचत न्हाई. ही तर माणसाची लेक हाय."

त्यामागे अडाणीपणा नव्हता, अनुभव होता. एका वर्षी गुरांच्या दवाखान्याची माणसं उशिरा आली, मेंढ्यांचे दिवस भरत आले होते, तरी टोचून घेतल्या, आणि आठवड्यात अकरा मेंढ्यांनी गाभ टाकला. आबांनी त्या डोळ्यांनी पाहिलेल्या. जो आयुष्यभर कळपाकडे पाहूनच शिकला, त्याने यातून दुसरं काय शिकावं? सुमनने दोन-तीन वेळा समजावलं. ते ऐकून घेत होते आणि नाही म्हणून मान हलवत होते.

आम्ही निघालो तेव्हा बांधाच्या आडून मंगल आली. डोक्यावर घागर होती, म्हणजे कुणी विचारलं तर पाण्याला. ती सुमनला म्हणाली, "मागलं पोर सात दिस हुतं. आठव्या दिशी तोंड उघडंना. अंग असं वाकलं बघा." तिने हाताने कमान करून दाखवली. सुमनने फक्त एकच विचारलं, नाळ कशाने कापली होती. लोकर कातरायच्या कातरीने.

सुमन तिथेच बांधावर बसली. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि जनावरांच्या शेणात असतात, हे मी तोवर एखाद्या पुस्तकात वाचलं असेन. पण त्या दुपारी समोर चांगलं वीस गुंठ्यांचं रान लेंड्यांनी काळं झालेलं होतं. ज्यासाठी शेतकरी यांना हात धरून बोलावतो, त्यातच यांच्या लेकराचं मरण होतं. ती कातर रोज त्याच मातीत पडत असणार.

मंगल म्हणत होती, आत्ताच टोचा, मी कुणाला सांगत न्हाई. मी सुमनला म्हणालो, दे की, कोण बघतंय. ती मला म्हणाली, आणि दुसरा डोस कोण देणार? पहिल्यावर काम भागत नाही. महिन्याने हे कुठे असतील? लपून दिलं आणि उद्या हिचं नुसतं पोट दुखलं, तर हा वाडाच काय, आजूबाजूचा एकही वाडा मला पोरांना हात लावू देणार नाही. मग ती मंगलला म्हणाली, "दोन दिवस दे मला. आबांनी नाही ऐकलं, तर त्यांच्या देखत टोचीन. पण लपवून नाही."

मला ती त्या दिवशी कठोर वाटली होती. मूल गमावलेली पोर स्वतः दंड पुढे करते आहे आणि ही हिशेब करते आहे. आज वाटतं, मी फक्त त्या दुपारचा विचार करत होतो आणि ती महिन्यानंतरच्या दुपारचा. आमच्या संसारात पुष्कळदा असंच होतं.

सोमवारी ती गुरांच्या डॉक्टरांना घेऊन वाड्यावर गेली. हे डॉक्टर आटपाडीकडचेच, बोलायला फटकळ. मी रजा टाकून बरोबर गेलो, कारण मला राहवत नव्हतं. डॉक्टरांनी आधी एका लंगड्या मेंढ्याचा खूर पाहिला, चहा घेतला, पावसाचं बोलले. मग अगदी सहज विचारलं, "आबा, त्या साली मेंढ्या रानभर पळवल्या कुणी? आन पाय धरून पाडल्या कुणी?"

"पोरांनी," आबा म्हणाले.

"मग पोरांस्नी शिव्या द्या की. लशीला का देताय?"

वाड्यावरचे सगळे हसले. ती पोरं आता बाप्ये झाली होती आणि तिथेच बसली होती, तीही हसली. आबा सगळ्यांत शेवटी हसले. मग डॉक्टरांनी सांगितलं की धसमुसळेपणा न करता, विण्याच्या महिनाभर आधी मेंढीला आंत्रविषाराची लस टोचली, तर तिच्या चिकातून ती ताकद कोकराला मिळते. आबांना चीक ठाऊक होता. ज्या कोकराला पहिला चीक मिळत नाही ते टिकत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते सुमनकडे वळून म्हणाले, म्हंजी हिच्या दुधातनं पोराला जाणार?

सुमन म्हणाली, "मेंढीचं कोकरू बाहेर येऊन चीक पिऊन घेतं, आबा. माणसाचं बाळ पोटात असतानाच नाळेतून घेऊन येतं. म्हणून आत्ताच टोचायला पाहिजे."

आबा बराच वेळ काठीने मातीत रेघा ओढत बसले. मग सुनेला हाक मारली. टोचून झाल्यावर त्यांनी गंभीर चेहऱ्याने सुमनला विचारलं, गेरू लावू का? मंगल पदर तोंडाला लावून हसली. तिला हसताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं. सुमनने माझ्या हातातलं कार्ड वर करून दाखवलं आणि म्हणाली, आमचा गेरू हा.

त्या कार्डावर मी पुढची तारीख लिहिली. पुढचं ठिकाण लिहायला कार्डात जागा नसते.

चार आठवड्यांनी आम्ही त्यांना शोधायला निघालो. त्यांच्याकडे एक फोन होता, तो कायम बंद. बर्फाच्या पिशव्या भरून डबा पायाशी ठेवला, सुमन मागे. बर्फ वितळायच्या आत वाडा सापडायला हवा होता. पहिल्या गावात कळलं, मेंढरं परवा होती, पुढं गेली. दुसऱ्या गावात एक म्हातारा म्हणाला ताकारीकडं, त्याची बायको म्हणाली छे, उलट बाजूला. मग सुमनने स्कूटर थांबवायला सांगितली, रानात उतरली आणि चपलेने लेंड्या दाबून पाहायला लागली. ओल्या काळ्या म्हणजे कालच्या. वरून तडकलेल्या म्हणजे तीन-चार दिवसांच्या. मी म्हणालो, दोन शिकलेली माणसं भर उन्हात काय वाचत बसली आहेत बघ. ती म्हणाली, तुम्ही नुसते हसू नका, पलीकडचं रान वाचा.

तसं वाचत वाचत आम्ही कृष्णेचा पूल ओलांडला. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे अडकलो, त्याच्या टेपवर चाललेली गाणी सक्तीने ऐकली. दुपारी तीनच्या सुमाराला रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, काठीवर हनुवटी टेकून आबा उभे दिसले. ते आमचीच वाट पाहत होते. इथले मुक्काम कालच संपले होते, पुढच्या गावचा शेतकरी दोनदा बोलावून गेला होता, पण त्यांनी वाडा उठू दिला नव्हता. म्हणाले, "आवसंला टोचली हुती. आज आवस हाय. बाई येणार म्हंजी येणार."

मी तारखा लिहीत होतो आणि ते चंद्र मोजत होते. दोघांचं उत्तर जवळपास एकच आलं होतं.

दुसरा डोस दिला. सुमनने मंगलला नवं पातं आणि उकळलेला दोरा पुडीत बांधून दिला आणि बाळंतपणाला दवाखान्यातच जायचं म्हणून दहा वेळा बजावलं. नंतर दोन-अडीच महिन्यांनी त्यांच्यातला एक मेंढपाळ बाजाराला आला होता, तो उपकेंद्रात सांगून गेला. दवाखान्याची गाडी यायच्या आधीच मंगल रानात बाळंत झाली. मुलगी. पातं नवंच वापरलं. आठव्या दिवशी मंगल सकाळपासून तिला मांडीवर घेऊन बसली होती. पोर पीत राहिली. नवव्या दिवशी वाडा पुढे निघाला.

सुमनने त्या दिवशी घरी आल्यावर एवढंच सांगितलं आणि कणीक मळायला घेतली. मळताना मात्र गुणगुणत होती.

हे सगळं परवा अंगणात बसून आठवत होतो, आणि फाटक वाजलं. सिदू आबा होते. आता पाठ वाकली आहे, पण काठी तीच असावी. बरोबर सोळा वर्षांची मुलगी, निळा पंजाबी ड्रेस, पाठीला दप्तर. मळ्यात बसलेली मेंढरं त्यांचीच. अलीकडे कळप मुलगा सांभाळतो, आबा दोन-चार मुक्कामांपुरते येतात. बरोबरची ती मंगलची मुलगी, रेणुका, अकरावीला, आटपाडीला मावशीकडे शिकते. धनुर्वाताचा दहाव्या वर्षीचा डोस शाळेत झाला होता. सोळाव्या वर्षीचा टोचायला शाळेत माणसं आली, त्या दिवशी ती वाड्यावर होती. आबा म्हणाले, बाईनं तवाच सांगितलं हुतं, धाला आन सोळाला. मी म्हनलं, हिकडंच आलोय तर बाईच्याच हातनं घिऊ.

त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. अशा वेळी मला वाक्यं सुचत नाहीत, म्हणून जसं घडलं तसं सांगितलं. काय झालं होतं, किती दिवस होती, कधी गेली. आबा पायरीवर बसले. डोक्यावरचं मुंडासं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं. मग विचारलं, "तिच्या दुखण्यावर न्हवती व्हय कंची लस, मास्तर?"

"नव्हती, आबा."

त्यांनी मान हलवली. समाचाराला येऊन गेलेल्या शिकल्या-सवरलेल्या माणसांनी मला पुष्कळ काही सांगितलं होतं. देवाची मर्जी, तिचं पुण्य, काळाचं औषध. हा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि माझ्या मनात तोच होता. जिने दुसऱ्यांच्या मुलांना आयुष्यभर लसी टोचल्या, तिच्यासाठी डब्यात काही नसावं, याचा मला राग येत होता. आबांना उत्तर देताना पहिल्यांदा जाणवलं, की ते साधं खरं आहे. काही दुखण्यांवर लस आहे, काहींवर नाही. सुमनला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच जिथे आहे, तिथे चुकलेलं तिला चालत नसे.

दुसऱ्या दिवशी बुधवार. आम्ही तिघं चालतच उपकेंद्रात गेलो. नवीन नर्स तरुण आहे, चटपटीत आहे. टेबल तेच, त्यावरचा डबा नवा, तोही निळाच. रेणुकाने डोळे मिटून दंड पुढे केला आणि टोचून झाल्यावर म्हणाली, एवढंच?

आबांची नजर माझ्या हातावर होती. रुमाल मळला होता, एका कडेने पिवळा. म्हणाले, ह्ये काय? मी म्हणालो, काही नाही, स्कूटरचा पत्रा लागला, हळद लावलीय. नर्सने रुमाल सोडला, जखम पाहिली, आणि मला नळापाशी नेऊन हात साबणाने धुवायला लावला. मग म्हणाली, काका, टीडी घ्यावं लागेल. मी म्हणालो, राहू दे. खरं तर मला भांडायचंही नव्हतं, फक्त घरी जायचं होतं.

आबा खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आवं मास्तर, कळपातलं एक बी सोडत न्हाई आमी. तुमाला ठावं हाय ते."

मला आणखीही एक ठाऊक होतं. सुमन वस्तीवरच्या बायकांना सांगायची, ते मी मागे उभा राहून कितीदा तरी ऐकलं होतं. गोवराचं असं आहे, की आजूबाजूच्या सगळ्यांनी टोचून घेतलं तर तुझ्या तान्ह्यालाही आडोसा मिळतो. धनुर्वाताचं तसं नाही. तो माणसाकडून येत नाही, मातीतून येतो. त्याला शेजारणीचा डोस उपयोगी पडत नाही, नवऱ्याला बायकोचा पडत नाही. ज्याचा त्याने घ्यायचा.

नर्सने विचारलं, शेवटचं कधी घेतलं होतं? मला आठवेना. ते लक्षात ठेवणं इतकी वर्षं माझं काम नव्हतं.

मी बाही वर केली. सुई लागली ती कळली. नर्सने कोरं कार्ड काढलं, आणि तिचं पेन चालेना म्हणून मी माझं पुढे केलं. मग म्हणालो, द्या, मीच लिहितो. पहिल्या ओळीत नाव लिहायचं असतं. तिथे मी माझं नाव लिहिलं, खाली लसीचं, त्यापुढे आजची तारीख. आबा वाकून पाहत होते. त्यांना वाचता येत नाही, तरी कार्ड भरेपर्यंत ते तसेच उभे राहिले.